घोडा गेला, टॅक्सी आली

लॉरिस्टन गार्डन्समधलं एक पडीक घर. गुलाबी कोटातल्या बाईचं प्रेत पालथं पडलंय आणि मरता मरता तिनं नखांनी लाकडी जमिनीवर अक्षरं कोरली आहेत: आर, ए, सी, एच, ई. होम्स वाचलेला माणूस इथं सरसावून बसतो. १८८७ साली आलेल्या पहिल्याच होम्सकथेत, 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये, हीच पाच अक्षरं भिंतीवर रक्तानं लिहिलेली होती. तिथं पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडला वाटतं, कुणीतरी 'रेचल' लिहायला घेतलं आणि पुरं करायचं राहून गेलं. होम्स निघता निघता दारातून सुनावतो की हा जर्मन शब्द आहे, अर्थ 'सूड', तेव्हा त्या रेचलबाईंना शोधण्यात वेळ घालवू नका. बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेत दारात उभा असतो अँडरसन, पोलिसांचा न्यायवैद्यक तज्ज्ञ. तो मोठ्या ऐटीत सांगतो, जर्मन आहे, सूड! शेरलॉक त्याच्या तोंडावर दार लावून घेतो. बाई खरंच 'रेचल' लिहीत होती.

मी खदखदून हसले. शेजारी बसलेली भाची माझ्याकडे बघायला लागली. "मावशी, समोर प्रेत पडलंय आणि तू हसतेस काय?" तिनं होम्सची एकही गोष्ट वाचलेली नाही. मालिका थांबवून तिला सगळं सांगितलं, आणि समजावून सांगितलेल्या विनोदाचं जे होतं तेच झालं. "बरं, आता लाव," म्हणाली.

'शेरलॉक' कशी आहे असं कुणी विचारलं की मी हाच प्रसंग सांगते. होम्सच्या हातात मोबाइल द्यायचा आणि घोडागाडीच्या जागी टॅक्सी उभी करायची, एवढं कुणालाही सुचेल. मालिकेचे निर्माते स्टीव्हन मॉफॅट आणि मार्क गेटिस यांनी त्यापुढची खोडी काढली आहे. मूळ कथा पाठ असलेला प्रेक्षक ज्या आत्मविश्वासानं येऊन बसतो, त्याच आत्मविश्वासाला त्यांनी पाय आडवा घातलाय. आणि कथा न वाचलेल्या माणसाला त्याच प्रसंगात काही कमी पडत नाही. त्याच्या दृष्टीनं एक आगाऊ पोलीस आणि एक उद्धट हुशार माणूस यांची चकमक झाली, पुढे चला.

पुढे मी खुनी कोण ते सांगणार आहे. पहिला भाग पाहिला नसेल तर पाहून या, दीड तासाचा आहे.

मॉफॅट आणि गेटिस हे दोघे मुळात बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेचे लेखक. त्या कामासाठी लंडनहून कार्डिफला रेल्वेनं जाताना होम्सवर गप्पा मारायचे आणि त्या गप्पांतून ही कल्पना निघाली. होम्सला समकालीन करणं तसं नवं नाही. बॅझिल रॅथबोनचे १९४०च्या दशकातले युनिव्हर्सलचे चित्रपट आठवा, त्यात होम्स सरळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींशी लढताना दिसतो. पण मधल्या काळात धुकं, गॅसचे दिवे आणि घोड्यांच्या टापा हाच होम्स असं पक्कं झालं. ग्रॅनडा टेलिव्हिजननं १९८४ ते १९९४ या काळात केलेल्या मालिकेत होम्स झालेला जेरेमी ब्रेट माझ्या डोक्यात इतका घट्ट बसला होता की लांब कोट घालून लंडनच्या रस्त्यांवर मोबाइल चाचपणारा तिशीतला पोरगा मी नाखुशीनंच लावला. भाचीनं आग्रह केला नसता तर कदाचित लावलाही नसता.

पहिला भाग 'अ स्टडी इन पिंक' बीबीसी वनवर २५ जुलै २०१० ला दाखवला गेला. लेखन मॉफॅटचं, दिग्दर्शन पॉल मॅग्विगनचं. त्याची सुरुवात होम्सपासून होत नाही. सुरुवात आहे वॉटसनच्या दुःस्वप्नापासून. अफगाणिस्तानातला गोळीबार, मग दचकून जागा झालेला माणूस, उजेड नसलेली एक खोली, टेकवून ठेवलेली काठी, टेबलाच्या खणात पिस्तूल. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ब्लॉग लिहायला सांगितलंय आणि त्याच्याकडे लिहायला काही नाही. एकही स्पष्टीकरण न देता माणूस उभा केलाय.

इथं निर्मात्यांना इतिहासानं आयतं हातात दिलंय. मूळ वॉटसन दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धातला लष्करी डॉक्टर. २७ जुलै १८८० च्या मैवंदच्या लढाईत त्याला गोळी लागते, पुढे पेशावरच्या इस्पितळात विषमज्वर होतो आणि तो खंगून लंडनला परततो. सव्वाशे-दीडशे वर्षांनी, मालिका आली तेव्हा, ब्रिटिश सैन्य पुन्हा अफगाणिस्तानात होतं, त्यामुळे वॉटसनच्या चरित्रातली ही ओळ बदलावीच लागली नाही. होम्सचं ते पहिल्या भेटीतलं प्रसिद्ध वाक्य, तुम्ही अफगाणिस्तानात होता असं दिसतं, इथं प्रश्न होऊन येतं: अफगाणिस्तान की इराक? ओठांवर हसू येतं आणि लगेच ओसरतं, कारण प्रश्न खरा आहे. २०१० साली त्या वयाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरला तो कुणीही विचारला असता.

मार्टिन फ्रीमननं हा वॉटसन केलाय. माझ्या मते मालिका त्याची आहे. रॅथबोनबरोबरच्या नायजेल ब्रूसनं वॉटसनला एक गोड, ढेरपोट्या, सारखा गोंधळणारा गृहस्थ करून ठेवलं होतं. पुस्तकातला वॉटसन तसा कधीच नव्हता. तो सैनिक आहे, डॉक्टर आहे, आणि होम्सला जेव्हा जिवावरचं काम असतं तेव्हा तो 'रिव्हॉल्व्हर घेऊन या' असं त्यालाच सांगतो. फ्रीमन फार थोडं करतो. ओठ मिटून घेणं, मान किंचित वळवणं, राग आला की आवाज खाली आणणं. शेरलॉक प्रेताभोवती फिरत तर्कांची सरबत्ती करत असतो तेव्हा वॉटसनच्या तोंडून नकळत कौतुक बाहेर पडतं. आपण मोठ्यानं बोलतोय हे शेरलॉक त्याच्या लक्षात आणून देतो. वॉटसन गप्प राहीन म्हणतो, तर शेरलॉक घाईनं म्हणतो, नको, चालेल. इतकी वर्षं लोक त्याला शिव्याच घालत आलेत हे त्या दोन शब्दांत कळतं. या भूमिकेसाठी फ्रीमनला २०११ मध्ये सहायक अभिनेत्याचा बाफ्टा मिळाला. सहायक हा शब्द मला खटकला, पण पुरस्कारांचे रकाने आपण ठरवत नाही.

आता वॉटसनच्या दुखापतीची गंमत. आर्थर कॉनन डॉइल या बाबतीत बेफिकीर होता. 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये गोळी खांद्यात लागलीय, 'द साइन ऑफ फोर'मध्ये तीच दुखापत पायात उतरते. होम्सभक्तांनी यावर पानंच्या पानं खर्च केली आहेत. मॉफॅटनं ही चूक उचलून कथानकात घातली. त्याचा वॉटसन लंगडतो, पण पायाला काही झालेलंच नाही. लंगडणं मनाचं आहे, खरी गोळी खांद्यात आहे. मग नॉर्दम्बरलंड स्ट्रीटवरच्या रेस्तराँमधून दोघे एका टॅक्सीमागे धावत सुटतात, गच्च्यांवरून, जिन्यांवरून, बोळांतून, आणि धापा टाकत बेकर स्ट्रीटला परततात. दारावर थाप पडते. रेस्तराँचा मालक काठी घेऊन उभा असतो. वॉटसन ती टेबलाशीच विसरलाय! मूळ लेखकाच्या हलगर्जीपणातून पात्राचं अख्खं मन उभं करायचं, हे पाहून मी भाचीला काही सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "समजलं मला. पुढे बघू दे."

वस्तूंची अदलाबदलही अशीच विचारपूर्वक आहे. 'द साइन ऑफ फोर'मध्ये होम्स वॉटसनच्या खिशातल्या घड्याळावरून त्याच्या दारुड्या भावाची कहाणी सांगतो, चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे पाहून. इथं घड्याळाचा मोबाइल झालाय आणि ओरखडे चार्जरच्या भोकाभोवती आले आहेत. हात थरथरणारा माणूस रात्री फोन चार्जिंगला लावतोय. तर्क तोच, पुरावा तितकाच पटणारा. फोनच्या पाठीवर हॅरी असं नाव कोरलंय, त्यावरून शेरलॉक भाऊ ठरवतो आणि तिथंच घसरतो. हॅरी म्हणजे हॅरिएट, बहीण. पुस्तकातल्या होम्सचा तर्क शेवटपर्यंत बिनचूक होता, याचा शेवटच्या पायरीवर चुकतो आणि स्वतःवर चरफडतो. मला हा बदल आवडला.

होम्सच्या चिलमीचं काय करायचं हा प्रश्न त्यांनी हसत सोडवलाय. 'द रेड-हेडेड लीग'मध्ये होम्स एखाद्या कोड्याला तीन चिलमींचं कोडं म्हणतो आणि पन्नास मिनिटं माझ्याशी बोलू नका अशी तंबी देतो. २००७ च्या जुलैपासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आहे. त्यामुळे हा शेरलॉक सोफ्यावर आडवा पडून बाही वर करतो आणि दंडाला निकोटिनच्या तीन पट्ट्या चिकटवलेल्या दाखवतो. पुस्तकातला होम्स जिथं तारेनं भागेल तिथं पत्र लिहायचा नाही, असं वॉटसननं एका कथेत नोंदवून ठेवलंय. अशा माणसानं २०१० साली फोन करण्याऐवजी एसएमएस पाठवावेत हे अगदी स्वभावाला धरून आहे.

आणि ते एसएमएस पडद्यावर कसे दिसतात! पोलिसांची पत्रकार परिषद चालू आहे. लेस्ट्रेड सांगतो या आत्महत्या आहेत, आणि सगळ्या पत्रकारांचे फोन एकदम किणकिणतात. खोलीभर हवेत एकच शब्द तरंगत उमटतो: चूक! एरवी मोबाइलवरचा मजकूर दाखवायचा म्हणजे फोनचा पडदा जवळून दाखवायचा, पात्रानं तो वाचायचा, तोवर गोष्ट थांबायची. मॅग्विगननं ती कटकटच काढून टाकली, शब्द सरळ चित्रावर लिहिले. ही युक्ती पुढे इतक्या ठिकाणी वापरली गेली की आता तिचं अप्रूप वाटणं कठीण आहे.

पण तिचा खरा उपयोग लॉरिस्टन गार्डन्समध्ये आहे. शेरलॉक प्रेताच्या कोटाच्या कॉलरखाली बोट फिरवतो: ओलं. खिशातली छत्री: कोरडी. अंगठी बाहेरून मळकी, आतून स्वच्छ. हे सगळे शब्द आपल्यासमोर पडद्यावर येतात. त्यानंतर तो निष्कर्ष सांगतो: लंडनमध्ये पाऊस नव्हता, म्हणजे बाई बाहेरून आली. छत्री असून उघडली नाही, म्हणजे वारा फार होता. कोट अजून वाळलेला नाही, म्हणजे प्रवास दोन-तीन तासांचा. म्हणजे कार्डिफ. (मालिका बीबीसी वेल्सची, तेव्हा कार्डिफ यायचंच.) अंगठी आतून चकचकीत, म्हणजे ती वारंवार काढली जाते, आणि बाई ती कशासाठी काढते ते तुम्हीच समजा. जे त्याला दिसलं ते सगळं आपल्यालाही दिसलं होतं. गुप्तहेरकथेत प्रेक्षकाशी प्रामाणिक राहायचं म्हणजे हेच. मी मुद्रितशोधनाचं काम करते, पानावर समोर असलेली चूक न दिसणं म्हणजे काय हे मला नीट माहीत आहे. म्हणून मी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला. लबाडी नाही.

लबाडी नाही, पण मुख्य कोडं मात्र तकलादू आहे. एकमेकांशी संबंध नसलेली चार माणसं निर्जन जागी जाऊन स्वतःच्या हातानं विष घेतात. त्यांना तिथं कोण नेतो? गर्दीत उभा राहून कुणाला दिसत नाही असा कोण असतो? हा प्रश्न शेरलॉक बराच वेळ घोळवतो. भाचीनं तो टॅक्सीच्या पाठलागानंतर लगेच सोडवला. दोघे धावून टॅक्सी अडवतात, मागच्या सीटवरच्या अमेरिकन प्रवाशाची चौकशी करतात, माफी मागतात आणि परत फिरतात. "अरे, पण ड्रायव्हरला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. आणि वर: "तो पहिला मेलेला म्हातारा, त्याची गाडी आली नव्हती ना? फोनवर त्याला टॅक्सी कर म्हणाले होते." बरोबर. सर जेफ्री पॅटरसनच्या प्रसंगात हे अगदी सुरुवातीलाच येऊन जातं. मला तर पुस्तकामुळे ठाऊकच होतं, तिथंही खुनी गाडीवान, जेफरसन होप. म्हणजे वाचलेली मावशी आणि न वाचलेली भाची दोघीही शेरलॉकच्या किमान वीस मिनिटं पुढे. जगातल्या सर्वांत हुशार माणसाला इतका वेळ मागे ठेवणं पटत नाही. आपल्याच दाराशी टॅक्सी उभी आहे, त्या गुलाबी बाईचा हरवलेला फोन इथंच आहे असं संगणक सांगतोय, आणि हा अजून खोलीत येरझाऱ्या घालतोय.

शेवटचा सामनाही जेवढा रंगतो तेवढा टिकत नाही. दोन बाटल्या, एकीत विष, एकीत निरुपद्रवी गोळी. तू एक निवड, उरलेली मी घेतो. पुस्तकात यामागे धर्मभावना होती, होपला न्याय परमेश्वरावर सोपवायचा होता. इथला टॅक्सीवाला याला बुद्धिबळ म्हणतो, समोरच्याचं डोकं वाचून जिंकल्याचा दावा करतो. केवळ नशीब म्हणाल तर चार वेळा लागोपाठ वाचण्याची शक्यता सोळात एक. फार नाही, पण अशक्यही नाही, आणि शेरलॉकही हेच म्हणतो. मग कुठली बाटली विषाची होती हे शेवटपर्यंत सांगत नाहीत. पुष्कळ लोकांना यात खुमारी वाटते, मला चुटपुट लागली. फिल डेव्हिसनं मात्र हा म्हातारा टॅक्सीवाला असा केलाय की तो नुसता बसून बोलत राहिला तरी अंगावर काटा येतो. पुस्तकातल्या होपसारखाच यालाही धमनीविकार आहे, फक्त छातीतून मेंदूत सरकलेला. मरायला टेकलेल्या माणसाला पोरांसाठी पैसा हवाय आणि प्रत्येक खुनामागे त्याला पैसे देणारा कुणी एक चाहता आहे.

त्या चाहत्याचं नाव आपल्याला लवकर कळलं असं वाटतं. मध्येच वॉटसन रस्त्यानं चालत असताना टेलिफोनच्या खोक्यातली घंटा वाजते. दुसऱ्या रस्त्यावर दुसरी. सीसीटीव्ही कॅमेरे वळतात. काळी गाडी येते, ओसाड गोदाम, छत्रीवर रेललेला एक शिडशिडीत सुटातला माणूस. मी शेरलॉकचा कट्टर शत्रू आहे, असं तो गोडीनं सांगतो. होम्सभक्ताच्या डोक्यात लगेच: पुस्तकातला हाडवैरी मोरिआर्टी! भागाच्या शेवटी कळतं की हा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट. आणि वाचकाला हे ओळखता येत नाही, कारण वाचकाला मायक्रॉफ्ट पक्का माहीत आहे! 'द ग्रीक इंटरप्रीटर'मधला मायक्रॉफ्ट म्हणजे अवाढव्य, आळशी, डायोजिनीझ क्लबातल्या खुर्चीतून न हलणारा. हा बारीक आहे, टापटीप आहे, आणि रात्रीचा गोदामात उभा आहे. शेरलॉक त्याला वजन वाढलं का असा टोमणा मारतो तेव्हा उलगडा पुरा होतो. मायक्रॉफ्ट खुद्द गेटिसनं केलाय. भाचीचा चेहरा या वेळी कोराच राहिला. तिच्यासाठी एक गूढ माणूस भाऊ निघाला, इतकंच. मी मात्र पुरती फसले आणि खूश झाले.

असे बारीक खिळे ठिकठिकाणी ठोकलेत. पावसात छत्री आणायला घरी परतणारा आणि नंतर मेलेला सापडणारा मुलगा, त्याचं नाव जेम्स फिलिमोर. कॉनन डॉइलनं 'थॉर ब्रिज'मध्ये एका ओळीत उल्लेख करून सोडून दिलेला माणूस, छत्री घ्यायला घरात गेला तो परत दिसलाच नाही. बागेत वॉटसन आणि स्टॅमफर्ड कॉफी पितात त्या कागदी पेल्यांवर 'क्रायटेरियन' छापलंय. पुस्तकात ते क्रायटेरियन बारमध्ये भेटले होते. प्रेताला घोडेस्वारीच्या चाबकानं झोडपणारा होम्सही पुस्तकातलाच, मेल्यानंतर वळ कसे उठतात ते पाहायला, तिथं काठी होती.

शेरलॉक झालेल्या बेनेडिक्ट कंबरबॅचबद्दल मी शेवटी लिहितेय, कारण त्याच्याबद्दल माझं मत अजून दोन तुकड्यांत आहे. आवाज, ती उभट चेहऱ्याची अस्वस्थता, एका श्वासात दहा निष्कर्ष फेकण्याची ताकद, यात खोट नाही. त्याचं बोलणं इतकं वेगवान आहे की उपशीर्षकं लावाच, इंग्रजीवर कितीही प्रभुत्व असो. खटकतो तो उद्धटपणा. मूळ होम्स गर्विष्ठ आहे, पण त्याला व्हिक्टोरियन रीतभात आहे. घाबरून आलेल्या बाईला तो आधी शेकोटीजवळ बसवतो, गरम कॉफी मागवतो, मग प्रश्न विचारतो. हा शवागारात काम करणाऱ्या मॉलीला तिच्या लिपस्टिकवरून अपमानित करतो. मॉली हे पात्र पुस्तकात नाही, मालिकेसाठी घडवलंय. लुईस ब्रिलीनं ते इतकं खरं केलंय की शेरलॉकचा राग जास्त येतो. आणि दर थोड्या वेळानं आपण समाजविघातक मनोवृत्तीचे आहोत असं स्वतःच ऐटीत जाहीर करणं! खरी तशी माणसं असं सांगत फिरतात का? हे लेखकाचं प्रेक्षकाला डोळा मारणं आहे, आणि ते दोनदा केल्यावर पुरे झालं असतं.

याच्या विरुद्ध उना स्टब्ज यांच्या मिसेस हडसन. मी घरमालकीण आहे, मोलकरीण नाही, असं ठणकावून सांगून त्या चहा घेऊन येतातच. त्यांच्या नवऱ्याच्या फ्लोरिडातल्या मृत्युदंडाच्या खटल्यात शेरलॉकनं मदत केली होती. शिक्षा टळावी म्हणून? छे, ती व्हावी म्हणून. एवढ्या एका ओळीत बाईंचं सगळं चरित्र आलं. रूपर्ट ग्रेव्हजचा लेस्ट्रेडही पुस्तकापेक्षा सरस. दमलेला, सरळ, आणि शेरलॉकला सहन करण्यात आपलं काय चुकतंय हे कळत नसलेला.

बेकर स्ट्रीट म्हणून जे दार दिसतं ते खरं नॉर्थ गावर स्ट्रीटवर आहे, खालच्या स्पीडीज कॅफेसकट. खऱ्या बेकर स्ट्रीटवर रहदारी आणि होम्सच्या नावाच्या पाट्या इतक्या की चित्रीकरण करणार कसं?

दुसरा भाग 'द ब्लाइंड बँकर' पटकन उरकते, त्यांनीही तसाच उरकलाय. पिवळ्या रंगात भिंतीवर काढलेल्या चिनी अंकांची सांकेतिक लिपी ही होम्सच्या 'डान्सिंग मेन' कथेची आठवण, कूट सोडवायचं पुस्तक शेवटी प्रत्येक लंडनकराकडे असणारा रस्त्यांचा नकाशा निघतं, हे छान. पण चिनी तस्करांची टोळी, सर्कस, कमळाच्या खुणा, पंख्यामागून बघणाऱ्या गूढ बायका... हे सगळं शंभर वर्षांपूर्वीच्या स्वस्त कादंबऱ्यांतून उचललंय आणि २०१० साली ते शिळं लागतं. भाचीनं मध्येच फोन काढला, त्यावरून काय ते समजा.

तिसरा, 'द ग्रेट गेम', गेटिसनं लिहिलेला. हा पाहायचाच. 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये होम्सला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही ठाऊक नसतं, आणि माझ्या कामाला त्याचा उपयोग काय असं तो वर विचारतो. इथं वॉटसननं ते ब्लॉगवर लिहून टाकल्यामुळे दोघांची जुंपते. मग ओलिसांच्या अंगावर बॉम्ब बांधून शेरलॉकला एकामागून एक कोडी घातली जातात, उरलेली कोडी मोजायला रेडिओवरचे ग्रिनिचचे ठोके. 'फाइव्ह ऑरेंज पिप्स'मधल्या संत्र्याच्या बिया इथं रेडिओचे ठोके झाल्या आहेत, इंग्रजीत दोन्हींना 'पिप्स'च म्हणतात. आणि एका कोड्याचं उत्तर, डच चित्रकार व्हर्मीरचं म्हणून मांडलेलं चित्र खोटं कसं ते, आकाशातल्या एका ताऱ्यात निघतं. ज्या विषयाची त्यानं टर उडवली त्याच विषयानं त्याला सेकंद मोजायला लावले.

यातच मला पहिल्या भागात हवा होता तो प्रसंग आहे. एका आंधळ्या आजीबाई मरतात आणि शेरलॉकला आपण कोडं सोडवल्याचं समाधान आहे. वॉटसन त्याच्यावर भडकतो: तिथं माणसं मरताहेत, तुला काहीच वाटत नाही का? मी हळहळल्यानं ती वाचतील का, असा शेरलॉकचा उलटा प्रश्न. यावर वॉटसनकडे उत्तर नाही, आणि तरीही आपण वॉटसनच्या बाजूनं असतो. फ्रीमन त्या वेळी काय करतो ते पाहा.

मोरिआर्टी इथं समोर येतो. त्याआधी तो एकदा येऊन गेलेला असतो, मॉलीचा मित्र, आयटीत काम करणारा, लाजरा जिम. शेरलॉक त्याच्याबद्दल एक फटकळ निष्कर्ष काढून पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकं घालतो. अँड्र्यू स्कॉटचा तो गाणं म्हटल्यासारखा वर-खाली होणारा आवाज मला पहिली पाच मिनिटं असह्य झाला. नंतर कळलं की तसा व्हायलाच हवा होता.

दोन-तीन कामाच्या गोष्टी. डीव्हीडीवर तासाभराचा एक आधीचा नमुना भाग आहे, दिग्दर्शन कोकी गिड्रॉइकचं, कधीच प्रसारित न झालेला. तोच टॅक्सीवाला, तीच गुलाबी बाई, पण पडद्यावर शब्द नाहीत, मायक्रॉफ्ट नाही. तो आधी पाहू नका, नंतर जरूर पाहा. एकाच गोष्टीला तीस मिनिटं जास्त मिळाली की काय काय करता येतं ते तिथं शेजारी शेजारी ठेवून दिसतं. लहान मुलांबरोबर पहिला भाग चालेल, तिसऱ्यातले बॉम्ब आणि ओलीस जरा जड जातील. आणि मूळ पुस्तक आधी वाचावं का? आमच्या घरी तरी दोन्ही तऱ्हेची माणसं सोफ्यावर होती आणि दोन्हींची करमणूक झाली, फक्त हसण्याच्या जागा वेगळ्या.

तिसरा भाग पोहण्याच्या तलावाशी, बॉम्बवर रोखलेल्या पिस्तुलावर तुटतो. ब्रिटिश प्रेक्षकांना ८ ऑगस्ट २०१० पासून १ जानेवारी २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली होती. भाची म्हणाली, "आपल्याला कुणी अडवलंय?" आणि पुढचा भाग लावला. मी उद्याची प्रुफं बाजूला सारून बसले.